पिठाच्या डब्याचं चित्र

२०२०चा लॉकडाऊन आठवतो ना? २५ मार्चपासून सगळं बंद झालं आणि आमच्या बचत गटाची बैठकही थांबली. फोन करावा तर घर माणसांनी भरलेलं. मनातलं बोलायचं कुठे?

आमच्यातल्या एकीची मुलगी एलिमेंटरी चित्रकला परीक्षेची तयारी करत होती. त्यात वस्तुचित्र असतं. समोर तांब्या, फडकं, दोन कांदे मांडायचे आणि बघून काढायचे. तिनं आईलाही शेजारी बसवलं. आईनं काढलेला वाकडा तांब्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला. आम्ही पोट धरून हसलो. मग एकेक करत सगळ्याच काढायला लागलो.

दुकानं बंद, रंग कुठून आणायचे? गेरू भिजवला, चुना कालवला, तव्याखालची काजळी बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटली. काडीचं टोक ठेचून कुंचला केला. कागद म्हणजे पोरांच्या जुन्या वह्यांची पाठकोरी पानं. दुपारी घर निजलं की अर्धा तास आमचा.

मुलीनं आम्हाला एकच सांगितलं, "माहीत आहे ते काढू नका, दिसतंय ते काढा." बघायला बसलो तेव्हा कळलं, रोज कडेवर घेतो त्या कळशीला पोचा कुठे आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. कौलाच्या फटीतला उजेड उतरंडीच्या एकाच अंगावर पडतो. पाट्याला मधोमध खळगा पडलाय, तो आमच्या सासवांच्या आणि आमच्या हातांनी.

एके दिवशी एका ताईचं चित्र आलं. कोपऱ्यात पिठाचा डबा, झाकण बाजूला, आत नुसता काळोख. आम्ही "छान, छान" लिहून मोकळ्या झालो. रात्री एकीच्या मनात आलं, ही तर डब्याचं झाकण कधी उघडं ठेवत नाही! सकाळी तोंडाला पदर बांधून ती तिच्या दारात गेली. डबा खरंच रिकामा होता. नवऱ्याची मजुरी बंद. एप्रिलपासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळत होतं, पण हिच्याकडे कार्डच नव्हतं. मागायची लाज वाटली, म्हणून दिसलं ते तिनं काढलं.

आम्ही घरटी मापटं-मापटं ज्वारी जमवली. गटाच्या शिलकीतून तिला बिनव्याजी पैसे दिले. पुढे तहसीलला खेटे घालून कार्डही काढलं. पण आधी "छान" लिहिलं, ते अजून मनाला टोचतं.

आम्ही काही चित्रकार झालो नाही. आता बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी प्रत्येकजण घरातली एक वस्तू काढते. तुमच्याही गटात करून बघा. आणि मैत्रिणीचं चित्र हातात आलं की लगेच छान म्हणू नका. आधी नीट बघा.