उताराच्या जमिनीवरील ठिबक संचाचा संगणकीय आराखडा
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



उतारावरील बागेत ठिबक बसविल्यावर एक तक्रार नेहमी ऐकू येते. वरची झाडे सुकतात आणि खालच्या झाडांच्या बुडाशी चिखल होतो. दोष ड्रीपरला दिला जातो. पण पुष्कळदा चूक आराखड्यातच असते.

आता आराखडे संगणकावर होतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1993 मध्ये तयार केलेली 'इपानेट' ही प्रणाली मोफत मिळते. तिच्यात नळीचा कोन भरावा लागत नाही. दोन्ही टोकांच्या उंचीवरून ती चढ-उतार धरते. मात्र उंची भरली नाही तर ती सहसा शून्य मानली जाते, म्हणजे तुमचा डोंगर सपाट होतो! म्हणून आराखडा हाती आल्यावर पुढील बाबी स्वतः तपासा.

1) उंची : पंप, प्रत्येक व्हॉल्व्ह आणि उपनळीची दोन्ही टोके यांची उंची मोजून द्या. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी त्यासाठी पुरते. 10 मीटर उंचीमागे दाबात सुमारे 1 किलोचा फरक पडतो. समजा, 60 मीटर उपनळी 10 टक्के उतारावरून खाली गेली. पाणी 6 मीटर उतरले, घर्षणात 1 मीटर गेले. वर 10 मीटर दाब असेल तर खाली 15 मीटर होतो. साधा ड्रीपर वर ताशी 4 लिटर देत असेल, तर खाली जवळजवळ 4.9 लिटर देतो. हा फरक 10 टक्क्यांच्या आत हवा. त्यासाठी उताराचे टप्पे पाडून प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह द्या, लॅटरल समपातळीत टाका किंवा दाब नियंत्रित ड्रीपर वापरा.

2) लांबी : नकाशावरची लांबी आडवी असते. 30 टक्के उतारावर 100 मीटरला प्रत्यक्षात सुमारे 104.4 मीटर नळी लागते.

3) जोडसाहित्य : एल्बो, टी व व्हॉल्व्ह यांतही दाब खर्च होतो. पूर्ण उघड्या गेट व्हॉल्व्हचा गुणांक 0.2, तर ग्लोब व्हॉल्व्हचा 10 धरतात, म्हणजे पन्नासपट! हा रकाना रिकामा सोडू नका.

4) बंद स्थितीतील दाब : पाणी 45 मीटर वर चढविले असेल, तर वरचा व्हॉल्व्ह बंद असताना खालच्या नळीवर निदान साडेचार किलो दाब येतो. तेथे 4 किलोची नळी टिकणार नाही. 6 किलोची घ्या.

बंधूंनो, संगणकाने तुमचे शेत पाहिलेले नाही, तुम्ही पाहिले आहे. नळ्या खरेदी करण्यापूर्वी आराखड्यातील उंचीचा रकाना पाहा. तेथे सर्वत्र शून्य असेल तर आराखडा परत करा. कागदावरची चूक खोडता येते. चर बुजविल्यावर ती दरवर्षी झाडांना भोगावी लागते.