परिचर्या आणि सैन्यसेवा



राणी लक्ष्मीबाई याच काशीत जन्मल्या, हे आपण लेकींना अभिमानाने सांगतो. पण लेक ‘सैन्यात परिचारिका होते’ म्हणाली, की घरात शांतता पसरते. परिचर्या की सैन्य, असा प्रश्नच नाही. २८ मार्च १८८८ रोजी दहा ब्रिटिश परिचारिका मुंबईस उतरल्या, तेव्हापासून हिंदुस्थानात ही सेवा आहे. आज पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी मिळवून, परिचर्या परिषदेत नाव नोंदवून मुलगी लेफ्टनंट होते. सेवेचा करारही असतो. तो आधी वाचावा, मागाहून नव्हे. मात्र दहावीनंतर जीवशास्त्र सोडले, की ही वाट बंद. अकरावीचे विषय ठरविण्यापूर्वी तिला एकदा विचारा.