टाकीच्या तळाची नळी

2017-18 मध्ये नौदलाच्या सहा जणी ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून गोव्याहून निघून जगाला फेरी मारून आल्या. भर समुद्रात मिस्त्री कुठून येणार? म्हणून बोटीत पाण्याच्या पातळीखाली जी नळी असते, तिला एकाऐवजी दोन क्लिपा लावायची पद्धत आहे. ती निसटली तर पाणी आत शिरतं.

आपल्या देवळ्यात उलटं. टाकीच्या तळाची नळी निसटली, तर टँकरचं पाणी रात्रीतून वाहून जातं.

आमच्या गटात आम्ही असं करतो. उन्हाने कडक झालेली, चिरलेली नळी लगेच बदलतो. आधी व्हॉल्व्ह बंद करायचा. तो टाकीला लागूनच हवा, म्हणजे नळी फुटली तरी पाणी अडवता येतं. नव्या नळीचं टोक गरम पाण्यात बुडवून पाइपावर चांगलं आत सरकवायचं. स्टीलच्या दोन क्लिपा लावायच्या. तार नको, ती नळीला कापते. मग पाणी सोडून सांध्याला कोरडा कागद लावून बघायचा.

घरातल्या प्रत्येकीला व्हॉल्व्ह कुठे आहे, ते आजच दाखवा. घरधनी शेतातून येईपर्यंत पाणी थांबत नाही, बायांनो!