घोण, ओल आणि अडगळ



मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की कोकणात व घाटमाथ्यावर घरोघरी एक नकोसा पाहुणा दिसू लागतो. न्हाणीच्या मोरीत, चुलीमागच्या लाकडांत, क्वचित अंथरुणाच्या घडीतही घोण निघते. ती दिसताच एकच गलका होतो आणि कोणीतरी वहाण उचलतो. परंतु आठवडा लोटत नाही तोच दुसरी निघते. मारण्याचा उपाय पुरा का पडत नाही, हे मुलांना समजावून देणे शाळेचे काम आहे.

प्रथम ओळख करून द्यावी. गोम व घोण हे शतपाद वर्गातील प्राणी होत. त्यांच्या शरीराच्या प्रत्येक वलयास पायांची एक जोडी असते. मोठ्या घोणीला बहुधा २१ जोड्या, म्हणजे ४२ पाय असतात. गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही, ही म्हण त्यावरूनच पडली. डोक्यालगतच्या पायांचे विषारी नख्यांत रूपांतर झालेले असते व दंश होतो तो या नख्यांचा. स्पर्श होताच वाटोळा होणारा वाणी मात्र निराळा. त्याच्या बहुतेक वलयांना दोन-दोन जोड्या असतात. तो कुजका पालापाचोळा खातो आणि चावत नाही. त्याला मारण्याचे कारण नाही.

घोणीच्या शरीरातील ओलावा कोरड्या हवेत लवकर उडून जातो. म्हणून ती दिवसा ओलसर जागी दडते आणि रात्री झुरळे व इतर किडे खाण्यास बाहेर पडते. बिळात पाणी शिरले, की ती कोरड्या उंचवट्याकडे, म्हणजे घराकडे वळते. घरात ओल, अडगळ व झुरळे असली, तर ती तेथेच मुक्काम करते. या तीन गोष्टी घालविणे हाच खरा उपाय होय.

पागोळ्यांचे पाणी जोत्यालगत मुरू न देता चर काढून दूर न्यावे. लाकूडफाटा व शेणी भिंतीला टेकवून न ठेवता दगडांवर किंवा फळ्यांवर रचाव्यात. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी, भिंतीतील भेगा लिंपाव्यात व दाराखालची फट बंद करावी. शाळेतील सतरंज्या ऊन पडेल त्या दिवशी वाळवाव्यात. पोषण आहाराच्या धान्याची पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावीत. वहाणा, बूट व दप्तर झटकून घेण्याची सवय मुलांना पहिलीपासून लावावी. पूर्वी अशा किड्यांसाठी गमेक्झीनची भुकटी टाकण्याची चाल होती. तिच्यातील लिंडेनच्या वापरावर भारतात २०१३ पासून बंदी आहे. मुले जेथे बसतात व जेवतात, तेथे विषारी भुकटी टाकू नये.

घोण चावल्यास वेदना तीव्र होते व सूज येते. मृत्यू मात्र फारच विरळा. जागा साबणाने धुवावी. सहज सोसवेल अशा कोमट-गरम पाण्यात ती काही वेळ धरल्यास ठणका कमी होतो. मुलाचा हात बुडविण्यापूर्वी मोठ्याने ते पाणी स्वतः पाहावे. जखम कापू नये, चोखू नये. श्वास लागला, तोंड सुजले किंवा अंगावर गांधी उठल्या, तर तत्काळ दवाखान्यात न्यावे.

यापुढील गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाला काही चावले आणि चावणारा प्राणी दिसला नाही, तर 'घोण असेल' असे म्हणून सकाळची वाट पाहणे प्राणावर बेतू शकते. मण्यार रात्रीच हिंडते. तिच्या दंशाची वेदना पुष्कळदा जाणवतही नाही आणि खूणही दिसत नाही. पुढे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि श्वास कोंडतो. म्हणून शंका येताच मुलाला चालू न देता, १०८ क्रमांकाची गाडी बोलावून, सर्पविषावरील लस मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. अंथरूण झटकून, शक्य तर खाटेवर झोपावे व मच्छरदाणीचे काठ गादीखाली खोचावेत. यामुळे घोण व मण्यार या दोहोंपासून रक्षण होते.

पाऊस सुरू होण्यापूर्वीचा एक तास प्रत्येक शिक्षकाने या पाठाला द्यावा. मुलांकडून शाळेचे जोते व मोरी तपासवून घ्यावी आणि तेच काम त्यांना आपापल्या घरी करावयास सांगावे. मूल शाळेत जे हाताने करते, ते घरी न सांगता करू लागते.