रुग्ण जिथे, कायदा तिथला

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्यावर बोला असे सांगितले, की आहार, व्यायाम, मुलांचे दात अशा विषयांची अपेक्षा असते. मी मात्र आज कायद्यावर आणि पैशावर बोलणार आहे, आणि तेही अमेरिकेतल्या. आपल्या मंडळात अशी घरे थोडी नाहीत, की ज्यांचा मुलगा किंवा मुलगी तिकडे आहे. कोणी मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने जाऊन येतात, कोणी मुलाकडे कायमच्या राहायला जातात. माझी स्वतःची चौदा वर्षे तिकडच्या एका दवाखान्याच्या हिशेबखात्यात गेली. बिले पाठवायची, ती नामंजूर होऊन परत आली की का आली ते शोधायचे, हे माझे काम. तेव्हापासून एक प्रश्न मला सारखा विचारला जातो: "तिकडे डॉक्टर म्हणे घरबसल्या पडद्यावर भेटतात. मग म्हातारपणी अडचण कसली?"

अडचण यंत्राची नाही. प्रश्न दोन आहेत. पैसे कोण देणार, आणि कायदा कोणता लागू होणार?

आधी पैशाचे पाहू. अमेरिकेत सरकारी विम्याच्या दोन मोठ्या योजना आहेत. दोन्ही ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने जन्माला आल्या. मेडिकेअर ही मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठी. ती केंद्र सरकार चालवते, म्हणून तिचे नियम देशभर एक. मेडिकेड ही कमी मिळकतीच्या लोकांसाठी. तिचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात आणि ती चालवते राज्य, म्हणून तिचे नियम राज्यागणिक वेगळे. नावेसुद्धा वेगळी. कॅलिफोर्नियात तिला मेडि-कॅल म्हणतात, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ.

आता गंमत ऐका. मेडिकेअरने दूरचिकित्सेसाठी २००० साली जो कायदा केला, त्यात रुग्ण खेड्यापाड्यातला किंवा डॉक्टरांची वाण असलेल्या ग्रामीण भागातला असला पाहिजे, अशी अट होती. शिवाय त्याने घरी बसून चालत नसे. जवळच्या दवाखान्यात किंवा इस्पितळात जाऊन, तिथल्या पडद्यापुढे बसून, दूरच्या डॉक्टरांशी बोलायचे. ज्या बाईला गुडघ्यांमुळे घराबाहेर पडवत नाही, तिने पडद्यावर डॉक्टर भेटावा म्हणून आधी घराबाहेर पडायचे! सरकारला भीती होती ती खर्चाची. दार उघडे ठेवले तर लोक उठसूट डॉक्टरांना बोलावतील, खोटी बिले येतील, तिजोरी रिकामी होईल. ही भीती अगदीच अनाठायी होती असे हिशेबखात्यात बसलेली मी म्हणणार नाही. पण त्या भीतीची किंमत घरात अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांनी वीस वर्षे मोजली.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली आणि या अटी काही दिवसांत बाजूला झाल्या. रुग्ण शहरात असो की खेड्यात, स्वतःच्या घरी बसून डॉक्टरांना भेटू शकला. ज्यांना व्हिडिओ जमत नव्हता, त्यांची साध्या फोनवरची तपासणीही बऱ्याच बाबतीत मान्य झाली. मात्र ही सवलत कायमची नव्हती. साथीची आणीबाणी ११ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर झाले, तरी सवलत मुदतवाढीवर चालू राहिली. आधी २०२४ च्या अखेरपर्यंत, मग मार्च २०२५, मग सप्टेंबर २०२५. पुढे १ ऑक्टोबर २०२५ रोजी सरकारचा अर्थसंकल्पच अडला, कारभार ठप्प झाला आणि सवलत संपुष्टात आली. कित्येक दवाखान्यांनी बिले रोखून धरली. काहींनी रुग्णांना सांगितले, प्रत्यक्ष या, नाहीतर पैसे तुमचे तुम्ही भरा. १२ नोव्हेंबरला नवा कायदा झाला, मधल्या दिवसांचे पैसेही मिळाले. पण त्यातही मुदत होती ३० जानेवारी २०२६ पर्यंतचीच. भाडेकरूला दर महिन्याला "पुढच्या महिन्याचे बघू" म्हणावे, तसा हा प्रकार.

काही गोष्टी मात्र कायद्याने पक्क्या झाल्या आहेत. मानसिक आजाराचे उपचार रुग्णाला घरी बसून घेता यावेत, ही तरतूद डिसेंबर २०२० च्या कायद्याने कायम केली, जरी अधूनमधून प्रत्यक्ष भेटीची अट तिला जोडलेली आहे. अर्धांगाच्या झटक्यात तज्ज्ञाचा तातडीचा सल्ला आणि घरी डायलिसिस घेणाऱ्यांची दरमहा तपासणी, यांना २०१८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली.

मेडिकेडचे तर पन्नास संसार. प्रत्यक्ष व्हिडिओवरच्या तपासणीचे पैसे आता सगळीच राज्ये कोणत्या ना कोणत्या स्वरूपात देतात. पण नुसता फोन चालेल का, त्वचेचा फोटो पाठवून डॉक्टरांनी तो सवडीने पाहिला तर त्याचे पैसे मिळतील का, रक्तदाबाचे यंत्र घरी ठेवून आकडे दवाखान्यात गेले तर ते धरतील का, याची उत्तरे राज्यागणिक बदलतात. मेडि-कॅलने फोन मान्य केला, म्हणून शेजारच्या राज्यानेही केला असेल असे धरू नये. आणि फोनचा प्रश्न क्षुल्लक नाही. ज्या घरात चांगला संगणक नाही, इंटरनेट नाही, किंवा आजीबाईंना कॅमेरा लावणे जमत नाही, तिथे फोन अमान्य म्हणजे डॉक्टरच अमान्य.

खाजगी विम्याबद्दलही दोन वाक्ये सांगते. दूरची तपासणी विम्याने मानलीच पाहिजे, असा कायदा पहिल्यांदा लुइझियाना राज्याने १९९५ साली केला. पुढे बहुतेक राज्यांनी तो कित्ता गिरवला. पण मानणे वेगळे आणि तेवढेच पैसे देणे वेगळे. भाजी घेईन म्हणणे आणि मंडईच्या भावाने घेईन म्हणणे यांत फरक आहे ना? कॅलिफोर्नियाने २०१९ च्या कायद्याने दोन्ही तपासण्यांना सारखाच दर ठरवला. १ जानेवारी २०२१ पासूनच्या करारांना तो लागू झाला. जिथे दर कमी, तिथे डॉक्टरही पडद्यावर यायला फारसे राजी नसतात.

आता दुसरा प्रश्न, कायद्याचा. डॉक्टर एका गावी, रुग्ण दुसऱ्या गावी. तपासणी झाली कुठे? अमेरिकेतले उत्तर सरळ आहे: रुग्ण जिथे बसला आहे तिथे. तिथे डॉक्टरांना परवाना देते ते राज्य. समजा, न्यू जर्सीत मुलाकडे राहणाऱ्या एखाद्या बाई दोन महिने टेक्ससला मुलीकडे गेल्या. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे टेक्ससचा परवाना नसेल, तर एरवी दर महिन्याला पडद्यावर होणारी तपासणी तिथे अडू शकते. म्हणूनच तपासणीच्या सुरुवातीला "आज आपण कुठे आहात?" असे विचारतात. ती विचारपूस नव्हे, तो कायदा आहे. खरे उत्तर द्यावे. अनेक राज्यांनी आपसात करार करून २०१७ पासून परवाने लवकर मिळण्याची सोय केली, फ्लोरिडाने २०१९ साली बाहेरच्या डॉक्टरांसाठी नोंदणी सुरू केली. पण सगळ्या देशाला चालेल असा एक परवाना काही नाही. आपल्याकडे २५ मार्च २०२० ला जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांनुसार नोंदणी झालेला डॉक्टर भारतातल्या कोणत्याही भागातल्या रुग्णाला सल्ला देऊ शकतो. त्या बाबतीत आपण सुखी.

मात्र तीच तत्त्वे भारताच्या हद्दीबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत. "मी तिकडून आमच्याच डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवीन," असे म्हणणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. मेडिकेअर परदेशात बसलेल्या डॉक्टरांना पैसे देत नाही, आणि इथली चिठ्ठी तिथल्या औषधांच्या दुकानात चालत नाही. तेव्हा जाताना आपल्या आजारांचा आणि औषधांच्या मूळ नावांचा इंग्रजी कागद डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. तो तिथल्या डॉक्टरांच्या हाती पडला की निम्मे काम झाले.

आणि या योजना सगळ्यांसाठी नाहीत, हेही स्पष्ट सांगते. पाहुण्या म्हणून गेलेल्यांना त्या मिळत नाहीत. त्यांनी प्रवासाच्या विम्यात दूरची तपासणी धरली आहे का, हे निघण्यापूर्वी वाचावे. कायम वास्तव्याचे कार्ड घेऊन गेलेल्यांनी स्वतः तिथे नोकरी केलेली नसेल, तर साधारणपणे ६५ वर्षे वय आणि सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावरच त्यांना मेडिकेअर घेता येते, आणि त्यासाठी हप्ता भरावा लागतो. १९९६ च्या कायद्याने मेडिकेडलाही बहुतेकांसाठी पाच वर्षांची अट घातलेली आहे.

शेवटी एक हक्काची गोष्ट. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याने इंग्रजी न येणाऱ्या रुग्णासाठी दुभाष्याची फुकट व्यवस्था केली पाहिजे, असे २०१० चा आरोग्यकायदा सांगतो; पडद्यावरच्या तपासणीलाही ते लागू आहे. मी दवाखान्यात पाहिले आहे, की आपल्या बायका मुलाला नाहीतर जावयाला शेजारी बसवून बोलतात, आणि जे खरे दुखते ते सांगतच नाहीत. अंगावरचे जाणे, लघवीचा त्रास, रात्री येणारे रडू, हे जावयासमोर कसे सांगायचे? भगिनींनो, वेळ ठरवतानाच "मराठी दुभाषी हवा" असे सांगा. त्यात कोणाचे उपकार नाहीत.

तेव्हा वेळ ठरवण्यापूर्वी चार प्रश्न विचारा, आणि आपल्या मुलींनाही विचारायला शिकवा. माझा विमा ही तपासणी आजच्या तारखेला मानतो का? नुसता फोन चालेल का? मी त्या दिवशी जिथे असेन, तिथला परवाना डॉक्टरांकडे आहे का? मराठी दुभाषी मिळेल का? चौघांची उत्तरे, उत्तर देणाऱ्याचे नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवा. नामंजूर झालेली किती तरी बिले मी अशा एका ओळीच्या आधारावर मंजूर करून घेतली आहेत.

 पुढच्या महिन्यात ज्या भगिनी तिकडे निघणार आहेत, त्यांनी कागद घेऊन माझ्याकडे यावे. आपण मिळून वाचू.