धूमकेतूचे निरीक्षण व छायाचित्रण
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



धूमकेतू उगवला की राजा मरतो, दुष्काळ पडतो, असे म्हणणारी वडीलधारी माणसे अजूनही भेटतात. त्यांच्याशी वाद घालीत बसण्यापेक्षा दोन जपानी हौशी निरीक्षकांची हकीकत वर्गात सांगावी, असे मला वाटते.

काओरू इकेया हे पियानोच्या कारखान्यातील तरुण कामगार, तर त्सुतोमु सेकी हे गिटारवादनाचे शिक्षक. पोटाचा उद्योग सांभाळून दोघेही पहाटे आकाश न्याहाळीत. इकेया यांनी तर दुर्बीणही घरीच तयार केली होती. १९६५ च्या सप्टेंबरात, वादळ ओसरून आकाश निवळलेल्या एका पहाटे, परस्परांपासून दूर असलेल्या या दोघांना काही मिनिटांच्या अंतराने एकच अंधुक ठिपका दिसला. तोच इकेया-सेकी धूमकेतू. २१ ऑक्टोबरला तो सूर्यपृष्ठापासून सुमारे साडेचार लाख किलोमीटरवरून गेला आणि भरदिवसा सूर्याशेजारी दिसला!

पण अंधुक ठिपके आकाशात पुष्कळ असतात. तेजोमेघ ताऱ्यांमधील आपली जागा सोडीत नाही, धूमकेतू सोडतो. मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदाने अठराव्या शतकात अशा फसव्या, स्थिर ठिपक्यांची यादीच केली. ती आजही वापरात आहे. तेव्हा नेहमीचे आकाश ज्याच्या ओळखीचे, त्यालाच नवा पाहुणा कळतो.

छायाचित्राचा उपयोग येथेच होतो. डोळा प्रकाश साठवीत नाही, कॅमेरा साठवितो; म्हणून अस्पष्ट शेपटीही चित्रात उमटते. मात्र कॅमेरा तिपाईवर घट्ट हवा, आणि प्रकाश काही सेकंदच घ्यावा. अधिक घेतल्यास पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात. लागोपाठच्या दोन दिवसांची चित्रे शेजारी ठेवली की धूमकेतूचे सरकणे मुलांना आपोआप दिसते. ऑक्टोबर २०२४ मधील त्सुचिन्शान-ॲटलास धूमकेतूची चित्रे अनेकांनी साध्या मोबाइलवरही घेतली.

कॅमेरा नसल्यास वही पुरे. जवळचे तीन ठळक तारे काढून त्यांच्यामध्ये धूमकेतूची जागा दाखवावी. तारीख, वेळ व दिशा लिहावी. सूर्य क्षितिजावर असेतो दुर्बिणीस कोणालाही डोळा लावू देऊ नये. आभाळ भरलेले असेल, त्या दिवशी वहीत ‘ढग’ एवढेच लिहावे. अंदाजाने जागा दाखवू नये.