किल्ली कोणाच्या हाती?

(माणिकपूर येथे ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वधूवर-सूचक विभाग व शिष्यवृत्ती यांविषयीच्या चौकशीस चॅटबॉटने उत्तरे द्यावीत, अशी सूचना आपल्या तरुण मंडळींनी मांडली आहे. सूचना स्वागतार्ह आहे. मुंबई महानगरपालिकेने जानेवारी २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर असा चॅटबॉट सुरू करून नागरिकांची सोय केलीच आहे. परंतु ज्या दप्तरात आपल्या मुलामुलींच्या जन्मतारखा, पत्ते आणि घरोघरची मिळकत नोंदलेली असते, त्याची किल्ली यंत्राच्या हाती देण्यापूर्वी ती कोठे राहील, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

या किल्लीस ‘टोकन’ म्हणतात. आपणापैकी कित्येकजण वसई रोडहून मासिक पासावर मुंबईस जातात. पासाची मुदत संपली की तो नवा करावा लागतो. चॅटबॉटचेही तसेच. ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओऑथ २.०’ या पद्धतीत यंत्रास आपला पासवर्ड द्यावा लागत नाही. त्यास ‘ॲक्सेस टोकन’ मिळते. ते पुष्कळदा तासाभराचेच असते. त्यासोबत बहुधा ‘रिफ्रेश टोकन’ही मिळते, ते दाखवून पुढचे टोकन घ्यावयाचे. मात्र पासावरील नाव तिकीट-तपासनीस ताडून पाहतो. टोकन सामान्यतः ज्याच्या हाती, त्याचेच मानले जाते. म्हणून पहिले चोरीस गेले तर हानी थोड्या वेळेपुरती. दुसरे गेले तर ते रद्द होईपर्यंत चोर नवनवे पास काढीत राहतो.

ही भीती काल्पनिक नव्हे. ‘ड्रिफ्ट’ नावाच्या एका अमेरिकन चॅटबॉटची टोकने क्लाउडमधील त्याच्या साठ्यातून चोरीस गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे दहा दिवस त्या टोकनांच्या आधारे चोरटे सातशेहून अधिक संस्थांची दप्तरे चाळीत होते. क्लाउडफ्लेअरसारखी सुरक्षेचाच व्यवसाय करणारी कंपनीही त्यातून सुटली नाही. तिच्या ग्राहकांशी झालेल्या पत्रव्यवहारात तिची १०४ टोकने लिहिलेली सापडली व ती सर्व बदलावी लागली. कुलूप कोणी फोडले नाही. खऱ्या किल्लीनेच ते उघडले गेले.

मग उपाय कोणता? क्लाउड म्हणजे आकाशातील मेघ नव्हे; दुसऱ्याच्या इमारतीतील संगणकच ते. ॲमेझॉनची अशी केंद्रे मुंबईत २०१६ पासून आहेत. अशा ठिकाणी टोकन प्रोग्रॅमच्या मजकुरात किंवा साध्या फाइलीत कधीही लिहू नये. त्यासाठी क्लाउडमध्येच ‘सीक्रेट्स मॅनेजर’ वा ‘की व्हॉल्ट’ नावाची तिजोरी मिळते. तीत टोकन सांकेतिक रूपात राहते, ते कोणी केव्हा काढले याची नोंद होते आणि प्रवेश केवळ नेमलेल्या प्रोग्रॅमलाच देता येतो. यंत्राच्या दैनंदिन नोंदवहीत टोकन उमटू देऊ नये.

नूतनीकरणातही दक्षता हवी. मुदत संपण्याच्या थोडे आधीच नवे टोकन घ्यावे. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक वेळी रिफ्रेश टोकनही बदलून मिळते. ते प्रथम तिजोरीत ठेवावे, मगच कामास लागावे. जुने पुन्हा कोणी दाखवले, तर चोरीचा संशय घेऊन सारीच टोकने रद्द होऊ शकतात. म्हणून एकाच चॅटबॉटच्या दोन प्रती चालत असल्यास नूतनीकरणाचे काम एकीकडेच सोपवावे. एरवी आपणच आपल्याला चोर ठरवून बसू!

बंधुभगिनींनो, ही कामे तज्ज्ञ करतील. पण प्रश्न आपण विचारले पाहिजेत. टोकन कोठे ठेवता? त्याची मुदत किती? संशय येताच ते कोण व किती वेळात रद्द करील? चॅटबॉटला शिष्यवृत्तीचे नियम वाचावयाचे असतील, तर त्यास वधूवरांची नोंदवही उघडी का? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याचेही हेच तत्त्व आहे: काम दुसऱ्यास सोपवले, तरी माहिती गोळा करणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही.

आपल्या कुटुंबांनी ती माहिती संस्थेवरील विश्वासाने दिलेली आहे. या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे लेखी मिळाल्यावरच कार्यकारी मंडळाने पुढील पाऊल टाकावे, अशी माझी नम्र विनंती आहे.